घरातली मशीन आणि 'विनापरवाना'चा धाक

पालकसभा संपली. सगळे गेले, एक आई मात्र मागे राहिल्या. पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढून म्हणाल्या, "टीचर, एवढं वाचून द्या."

ग्रामपंचायतीचं पत्र होतं. घरात कुणीतरी त्यातला 'विनापरवाना' एवढाच शब्द वाचला आणि त्या धाकाने तीन आठवडे शिलाई मशीन बंद. ईदचे कपडेही परत गेले. आम्ही पत्र शेवटपर्यंत वाचलं. त्यात शिलाईचं नावसुद्धा नव्हतं. घरापुढे रस्त्याच्या अंगाला पत्र्याची शेड उभारली होती, त्या बांधकामाची परवानगी मागितली होती.

आपल्या गावांमधल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे. पापड, लोणची, मसाले, बुरख्यांची शिलाई, मेहंदीचे कोन यांतून येणाऱ्या हलाल कमाईवर मुलांच्या फिया भरल्या जातात. तरी ती कमाई चोरीची असल्यासारखी लपवली जाते. नियम काय म्हणतो हे मात्र कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात 2020 साली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. प्रादेशिक योजनेतल्या गावांनाही ती लागू आहे. रहिवासी विभागात पारंपरिक घरगुती व्यवसाय चालतात असं त्यात लिहिलं आहे आणि उदाहरणं दिली आहेत ती शिलाई, भरतकाम, बटणं बनवणं यांची! अटी दोन. काम घरच्याच माणसांनी करायचं, पगारी मजूर ठेवायचे नाहीत. मोटर वापरली तर एकूण भार 1 अश्वशक्तीच्या, म्हणजे 0.75 किलोवॅटच्या वर जाऊ द्यायचा नाही. शिलाई मशीनची मोटर यात आरामात बसते. घरगुती आटाचक्की 1 अश्वशक्तीची असेल तर ती एकटीच सगळा भार संपवते. चार मुली पगारावर बसवल्या की मात्र तो घरगुती व्यवसाय राहत नाही, कारखान्याकडे झुकतो. मग वेगळी परवानगी लागते.

बांधकामाची बाब निराळी. खोलीत काय चालतं हा एक प्रश्न, खोली वाढवली का हा दुसरा. गावठाणात नवी भिंत, शेड, ओटा बांधायचा तर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. आमच्या त्या बाईंचं घोडं इथेच अडलं होतं.

घर शेतात असेल तर आणखी सावध राहावं. शेतजमिनीवर शेतीखेरीज दुसरा वापर हा महसूल खात्याचा विषय आहे, परवानगीविना केल्यास दंड होतो. गावठाणालगतच्या जमिनींना सवलती मिळाल्या आहेत आणि त्या कलमांत अलीकडे बदलही होत आहेत. तेव्हा शेजारच्याने पाच वर्षांपूर्वी काय केलं ते ऐकू नका, तलाठ्याकडे आजचा नियम विचारा.

विजेबद्दल तर फारच गैरसमज. घरात धंदा केला की व्यापारी मीटर घ्यावंच लागतं, असं सर्रास सांगतात. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशानुसार घराच्या काही भागात व्यवसाय असला, तरी महिन्याला 300 आणि वर्षाला 3600 युनिटांपर्यंत घरगुती दरच लागतो. त्याच्या वर गेलात तर दर बदलून घ्या. लपवून वापरलेल्या विजेची आकारणी दुप्पट दराने होते.

खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षेची नोंदणी करावी. लहान व्यवसायाला वर्षाला 100 रुपये पडतात. उद्यम नोंदणीला तर एक पैसाही लागत नाही, एजंटला पाचशे देऊ नयेत.

हे सगळे नियम जाच म्हणून केले आहेत, असं आम्हाला वाटत नाही. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने किती मोठा मानला आहे! रात्री अकरापर्यंत मिरची कांडली आणि पलीकडे दम्याची म्हातारी खोकत राहिली, तर कागद पुरे असूनही त्या कमाईत बरकत कशी मागायची?

एक गोष्ट आमच्या भगिनींना खास सांगावीशी वाटते. धंदा बाई करते, पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर घर नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावे असतं. परवान्याला पत्त्याचा पुरावा लागला की ती त्यांच्या सहीसाठी थांबते. घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करता येते. अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

त्या बाईंच्या नवऱ्याने शेड स्वतःच काढली आणि परवानगीचा अर्ज दिला. मशीन पुन्हा आतल्या खोलीत आली. परवा त्या वर्षभराची वीजबिलं घेऊन शाळेत आल्या होत्या. मधल्या सुट्टीत आम्ही पेन्सिलीने बेरीज केली. 1,460 युनिटं भरली.