समर्थ लेखक सामूहिक व्यासपीठ का सोडतो? : आगरकर आणि 'केसरी'

प्रस्तावना :
समविचारी मंडळींनी एकत्र येऊन चालविलेल्या नियतकालिकातून कालांतराने त्यांतील समर्थ लेखकच बाहेर पडतात, असे अनेकदा दिसून येते. वेळेचा अभाव, अपुरे मानधन व वाचकांचा रोष ही त्याची कारणे सामान्यतः सांगितली जातात. गोपाळ गणेश आगरकर यांनी 'केसरी' सोडला, या घटनेच्या आधारे ही कारणे कितपत पुरेशी आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात 'केसरी' सुरू झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आदी मंडळींच्या या पत्राचे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढावे लागले. सुटकेनंतर आगरकरांनी पुन्हा लेखणी हाती घेतली. म्हणजेच सरकारी शिक्षेने त्यांचे लेखन थांबले नाही.

मतभेदाचे स्वरूप :
१८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी टिपणे प्रसिद्ध केली. पाठोपाठ रखमाबाईंचा खटला गाजला. सामाजिक सुधारणेला अग्रक्रम द्यावा, अशी आगरकरांची भूमिका होती. राजकीय जागृती आधी व्हावी आणि सामाजिक बाबतीत सरकारी कायद्याचा हस्तक्षेप नसावा, अशी टिळकांची. चालकांत आगरकरांचा पक्ष अल्पमतात होता. त्यामुळे संपादकपद त्यांच्याकडे, परंतु धोरण बहुमताचे, अशी स्थिती निर्माण झाली. पत्राचा प्रभाव टिकविण्यासाठी त्याचा सूर एक असावा, ही अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही. तथापि ज्याला स्वतंत्र मत आहे, त्याचीच त्यामुळे सर्वाधिक कुचंबणा होते. सामान्य लेखक सूर जुळवून घेतो. समर्थ लेखकाला ते साधत नाही. ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी संपादकपद सोडले.

'सुधारका'चा पुरावा :
१५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' निघाला. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी घेतली. या काळात आगरकरांना तीव्र लोकरोष सहन करावा लागला. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्राही काढली गेली. अध्यापन, दम्याचा विकार आणि १८९२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळून १७ जून १८९५ रोजी झालेल्या निधनापर्यंत त्यांनी 'सुधारका'ची धुरा वाहिली. वेळ, प्रकृती आणि वाचकांचा रोष यांपैकी प्रत्येक कारण येथे पूर्वीपेक्षा अधिक प्रबळ होते. तरीही लेखन चालू राहिले.

निष्कर्ष :
बाहेरच्या विरोधापेक्षा आतील कुचंबणा लेखकाला अधिक लवकर दूर नेते, असे या उदाहरणावरून म्हणता येते. यात हानी केवळ लेखकाची होत नाही. दोन पक्ष दोन पत्रांत विभागले गेले, की एकाच अंकात दोन्ही बाजू तोलामोलाने वाचण्याची वाचकाची संधी हुकते. म्हणून सामूहिक नियतकालिकाने धोरण अवश्य ठरवावे. मात्र भिन्न मत लेखकाच्या स्वाक्षरीने छापण्यासाठी त्यात कायमची जागा राखून ठेवावी. सहमती हे अशा व्यासपीठाचे बळ असले, तरी असहमत सहकाऱ्याला सामावून घेण्यातच त्याची खरी कसोटी असते.