पैसे डिझेलचे, खेळ हवेचा

सेकंडहँड पिकअप घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज काय देते? विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं, त्यात दोन किलोमीटर त्याच्या पदरचे. खरं उत्तर हवेला विचारा.

एक लिटर डिझेल भरतं जेमतेम ८३० ग्रॅम. ते पूर्ण जळायला त्याच्या साडेचौदा पट वजनाची हवा लागते, म्हणजे सुमारे १२ किलो. लिटरमध्ये मोजली तर दहा हजार! उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांपुढे आणा. दर लिटरमागे तेवढी हवा एका कागदी फिल्टरमधून गाळली जाते, आणि हा हिशेब किमान आहे. तो फिल्टर आपण काय करतो? टायरवर आपटतो. फार तर कंप्रेसरचा फवारा जवळून मारतो. कागद फाटला की धूळ थेट सिलिंडरमध्ये, आणि रिंगा घासायला सुरुवात. हवा मारायचीच तर आतून बाहेर आणि लांबून. नवा फिल्टर इंजिनकामापेक्षा कितीतरी स्वस्त.

रिंगा आधीच गेल्यात का, हेही हवाच सांगते. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. भकाभका वाफारा आला तर मेकॅनिक मान हलवून म्हणेल, ‘बॅक कॉम्प्रेशन मारतेय.’ ही परीक्षा घेण्याआधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच गाडी तापवून ठेवलीय. कुरकुरणारं थंड स्टार्टिंग तुम्हाला दिसू नये म्हणून.

या इंजिनाला स्पार्क प्लग नाही. हवा दाबून दाबून ५०० अंशांच्या वर तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं, एवढीच आग. रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७च्या ऑग्सबर्गमधल्या इंजिनात तर इंधन आत ढकलायलाही दाबलेली हवाच होती. आज ते काम नोझल करतं. नाशिकच्या मायको सर्कलला नाव देणाऱ्या कंपनीचा सातपूरचा कारखाना याच मालासाठी ओळखला जातो. नोझलची भोकं मिलीमीटरच्या एक-दोन दशांशांची. त्यांना पाण्याचा थेंबही सोसत नाही, म्हणून डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी सोडायचं. पावसाळ्यात तर आठवणीने.

धुराचं भविष्य झटपट: काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. गाडीला ओढ नाही, काळा धूर आहे आणि सूंऽऽ असा आवाजही आहे? टर्बोचा रबरी पाईप चिरलाय का बघा. टर्बोचं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं. एवढ्या मेहनतीने भरलेली हवा त्या चिरेतून रस्त्यावर. आणि बदललेलं ऑइल दोन दिवसांत काळं झालं म्हणून गॅरेजवाल्याशी भांडू नका. डिझेल इंजिनात ते काजळीने काळं होतंच.

आता कसारा घाट. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग अजून आहेत. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला तर उतारावर डिझेल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. गाडीच बंद करणाऱ्याला तर कोपरापासून नमस्कार! ब्रेकला हलकेपणा देणारी निर्वात पोकळी एक छोटा पंप तयार करतो, बहुतेक वेळा तो अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. इंजिन थांबलं की पंप थांबला. दोन-चारदा ब्रेक दाबेपर्यंत पेडल दगड.

हौद्यावर उंच पिंजरा आणि त्यावर फडफडणारी ताडपत्री असेल तर ६०वरून ८०वर जाताना हवेचा विरोध पावणेदोन पटीवर जातो. रिकाम्या फेरीत ताडपत्री सोडून घडी घाला, फुकटचा फायदा. टायरमधली हवा मात्र सकाळी, थंड टायरची मोजायची.

आणि टाकी कोरडी होऊ द्यायची नाही. नुसतं डिझेल ओतून ही गाडी सुरू होईलच असं नाही, पाईपांत एअर धरलेली असते. मग फिल्टरवरचा हातपंप दाबत बसायचं, एकाने टॉर्च धरायचा, आणि दोघांनी बुडबुडे संपायची वाट बघायची.