डार्विनला न उलगडलेलं ‘च्’

कणकवलीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. मुलाखतीच्या तयारीसाठी ती एका शिबिराला गेली होती. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, उरलेलं ९३ टक्के काम आवाज आणि देहबोली करते, असं तिला तिथे सांगण्यात आलं. नजर चुकवली तर माणूस खोटं बोलतोय, हाताची घडी घातली तर त्याचं मन बंद आहे, हेही सांगितलं. वडीलधाऱ्यांशी आणि परक्यांशी नजर खाली ठेवून बोलायची तिला लहानपणापासून सवय. आता मुलाखतीत आपलं काय होणार, ही तिची काळजी.

आधी तो आकडा निकालात काढू. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांवरून तो आला. एका प्रयोगात नऊ सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते. दुसऱ्यात ‘मे बी’ एवढंच, सोबत चेहऱ्यांचे फोटो. ऐकणाऱ्याने ठरवायचं ते इतकंच, की बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, अशा वेळी आपण कशावर विसंबतो, याचं ते उत्तर होतं. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला हे सूत्र लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. सातबाऱ्यावरचं नाव कसं चुकलं ते हावभावांनी सांगता येत नाही. तिथे शब्दच लागतात.

देहबोलीचा खरा अभ्यास या आकड्याहून जुना आहे आणि कितीतरी देखणा. त्यात आपल्या अगदी ओळखीचा एक आवाज नोंदलेला आहे.

मालवणच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईला विचारा, “काकी, सुरमई आसा?” नसली तर ती ‘नाय’ म्हणेलच असं नाही. हनुवटी जराशी वर जाते, मान झटक्यात मागे आणि किंचित एका अंगाला, आणि दातांमागून जीभ सुटते: ‘च्’. एकच. तेच दोनतीनदा केलं, ‘च्च् च्च्’, तर ती हळहळ झाली. कुणाच्या होडीचं नुकसान झाल्याचं कळलं की ती ऐकू येते. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला आठवत नाही, पण त्यात गल्लतही होत नाही.

चार्ल्स डार्विनला मात्र या ‘च्’ने कोड्यात टाकलं. माणसाचे हावभाव जगभर सारखेच असतात का, हे त्याला तपासायचं होतं. १८६७ साली त्याने १६ प्रश्नांची एक यादी छापून देशोदेशीच्या ओळखीपाळखीच्या लोकांना पाठवली. शेवटचा प्रश्न होता, होकारासाठी मान वर-खाली आणि नकारासाठी आडवी हलते का? मुंबई इलाख्यातून उत्तर पाठवणारे एच. अर्स्किन नावाचे गृहस्थ तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात राहत होते. त्यांनी कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडूनही माहिती मिळवली आणि काही जाणत्या एतद्देशीयांना विचारलं. त्यांचा निष्कर्ष असा, की इथे खुणा बदलत राहतात. पण नकारासाठी बहुधा डोकं एकदम मागे आणि थोडं एका बाजूला जातं, सोबत जिभेचा टक्क आवाज. १८७२ च्या आपल्या पुस्तकात डार्विनने हे नोंदवलं आणि प्रांजळपणे लिहिलं, की या आवाजाचा अर्थ काय असावा याची आपल्याला कल्पनाच करता येत नाही.

आता होकाराकडे वळू. एका भारतीय गृहस्थाने कळवलं होतं, की ‘हो’ म्हणताना डोकं अनेकदा डावीकडे टाकतात. डार्विनने ते तपासण्याचं काम कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या जॉन स्कॉटकडे सोपवलं. हा स्कॉट मला फार आवडतो. एडिंबरोच्या बागेतला हा माळी. १८६२ साली डार्विनच्या ऑर्किडवरच्या पुस्तकातली चूक त्याने पत्र लिहून थेट डार्विनलाच दाखवून दिली. पुढे एडिंबरोतली नोकरी सुटली तेव्हा त्याच्या भारतप्रवासाचा खर्च डार्विनने दिला. वारंवार निरीक्षण करून स्कॉटने उत्तर पाठवलं: डोकं आधी मागे, डावीकडे किंवा उजवीकडे जातं आणि मग तिरकं पुढे एकच झटका येतो. यावर डार्विनची पुस्ती अशी, की कमी काळजीपूर्वक पाहणाऱ्याला ही आडवी हलणारी मान वाटली असती. म्हणजे होकाराची नोंद नकार म्हणून झाली असती! स्कॉटइतकी भरघोस आणि मोलाची माहिती दुसऱ्या कुणीही पाठवली नाही, हे डार्विनने प्रस्तावनेतच लिहिलंय. तरी हावभावांच्या शास्त्राच्या गोष्टीत या माळ्याचं नाव क्वचितच येतं.

पण स्कॉटचीही एक गोष्ट मला टोचते. एका बंगाली मजुराला त्याने उंच झाडावर चढायला सांगितलं. मजुराने खांदे उडवून, मान हलवून ‘जमणार नाही’ सांगितलं. तो आळशी आहे अशी स्कॉटची समजूत, म्हणून त्याने आग्रह धरला. मजुराचा चेहरा पांढरा पडला, हात लोंबू लागले, डोळे आणि तोंड उघडेच राहिले. खांदे उडवण्याचा उत्तम नमुना म्हणून पुस्तकात हा प्रसंग आला. त्या माणसाने पहिल्याच वेळी अंगाने आणि तोंडाने स्पष्ट ‘नाही’ सांगितलं होतं. ते खरं मानायला मालक तयार नव्हता, एवढंच.

अर्स्किनची मोठी अडचणही पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या नात्याचीच होती. इथले लोक गोऱ्या माणसासमोर सगळ्याच भावना लपवतात, त्यामुळे खात्रीने काही सांगणं कठीण, असं त्याने कळवलं. मला हे त्या पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण वाटतं. पाहणारा कोण आहे, यावर समोरच्याचं शरीर काय दाखवेल हे ठरतं. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

‘देहबोली’ या एकाच नावाखाली आपण दोन निराळ्या गोष्टी घालतो. काही खुणा ठरवलेल्या असतात. तारकर्लीला स्कूबाला आलेल्या पाहुण्याला पाण्यात उतरण्यापूर्वीच सांगतात, की वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. हे विसरून पाहुण्याने खुशीत अंगठा दाखवला, तर प्रशिक्षक त्याला वर घेऊन येतो. वाशीच्या बाजारात हापूसचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरवायची हत्ता पद्धत होती, तीही ठरवलेलीच भाषा. पण ज्याची बाग त्यालाच ती दिसत नसे, म्हणून कोकणातल्या बागायतदारांचा तिच्यावर राग. मालवणातलं ‘च्’ही याच जातीचं, त्या त्या मुलखात वाढताना अंगवळणी पडलेलं. दुसरा प्रकार आपसूक घडणाऱ्या गोष्टींचा: चेहरा पडणं, घाम फुटणं. त्यावरून माणूस अस्वस्थ आहे एवढं कळतं, का ते कळत नाही.

खोटं तर त्यावरून भरवशाने पकडता येत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली २०६ अभ्यास एकत्र करून २४ हजारांहून अधिक लोकांचे निवाडे तपासले. खरं की खोटं, हे ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरले. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के मिळाले असते. नजर चुकवणं ही खोटेपणाची खूण आहे, ही समजूत जगभर आढळते. प्रयोगांत तिला आधार मिळत नाही. अमेरिकेने विमानतळांवर हावभावांवरून संशयित हेरण्याच्या योजनेवर २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च केले. २०१३ साली तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितलं, की ही पद्धत चालते याला पुरावा नाही.

तेव्हा कणकवलीच्या मुलीने खाली जाणाऱ्या नजरेची धास्ती घेऊ नये. आपला विषय नीट मांडावा, न कळलेला प्रश्न पुन्हा विचारावा. आणि तिला हौस असेल तर एक काम सुचवतो. विजयदुर्गापासून रेडीपर्यंत हे ‘च्’ कोण, कधी, कुणासमोर करतं, याची वही तिने आणि तिच्या मैत्रिणींनी ठेवावी. नकार देणाऱ्याचं वय, विचारणारा ओळखीचा की परका, मान आधी हलली की जीभ, शाळेत गुरुजींसमोर ‘च्’ चालतं का, मुंबईहून मे महिन्यात आलेली मुलं ते करतात का. अर्स्किनला जे दिसू शकलं नाही ते तिला दिसेल, कारण तिच्यासमोर कुणी चेहरा झाकणार नाही.