मनगटावरची सुई आणि केमोची मळमळ

आपाची दुसरी केमो होऊन चार दिवस झाले होते. अम्मीने तिच्यासाठी पातळ खिचडी केली होती. ताट समोर येताच आपाने ओढणी नाकाला लावली आणि तोंड फिरवलं. म्हणाली, "तिसऱ्या वेळेला मला नेऊ नका. अल्लाहची मर्जी असेल तसं होईल, पण या ओकाऱ्या आता सहन होत नाहीत." दुलाभाई काही न बोलता उठून बाहेर गेले.

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. सहा केमो ठरल्या होत्या. आणि सगळं येऊन अडलं होतं मळमळीवर. ज्या घरात केमो झाली आहे त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. कांद्याच्या फोडणीचा वास नको, अत्तर नको, रुग्णालयाच्या फाटकाशी रिक्षा वळली तरी पोटात ढवळतं.

सल्ले तर घरबसल्या येत होते. कोणी आलं चघळायला सांगे, कोणी हिजामा करून घ्या म्हणे. शेजारच्या खालाजानने अ‍ॅक्युपंक्चरचं नाव काढलं आणि एका गृहस्थांचा पत्ता दिला. तिथे गेलो तर ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "आधी त्या डॉक्टरी गोळ्या बंद करा, शरीरात उष्णता त्यांनीच होते." आम्ही सलाम करून बाहेर पडलो. पण सुयांचा विचार मनातून गेला नाही, म्हणून थोडी चौकशी केली.

आम्ही सोलापूरचे, त्यामुळे चीन आणि वैद्यक म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतातच. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. पण कोटणीस शस्त्रक्रिया करणारे. सुया भारतात आणल्या त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते ही विद्या शिकून आले आणि कलकत्त्यात तिचा वापर सुरू केला.

मळमळीसाठी जी जागा वापरतात तिला चिनी भाषेत नेइग्वान म्हणतात, म्हणजे आतला दरवाजा. तळहात वर करा. मनगटाच्या घडीवर आपलीच तीन बोटं आडवी ठेवा. तिसरं बोट जिथे संपतं तिथे, दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मधोमध ही जागा येते. या शिरा नव्हेत, स्नायूंच्या दोऱ्या आहेत. काहींच्या हातात त्यातली एक जन्मतःच नसते, त्यांनी घाबरू नये.

या जागेची पाश्चात्त्य डॉक्टरांनी नीट तपासणी सुरू केली ती बेलफास्टमध्ये. तिथले भूलशास्त्राचे प्राध्यापक जॉन डंडी यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं, की लहान ऑपरेशनच्या वेळी या जागी सुई टोचलेल्या स्त्रियांना नंतर मळमळ आणि उलट्या कमी झाल्या. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली. त्याच जागी बधिर करणारं औषध आधी टोचलं, तर सुईचा गुण नाहीसा होत होता. आम्हाला हे फार बोलकं वाटलं. म्हणजे सुईचं काम त्या जागच्या नसांमधूनच चालत असावं. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर नंतर खूप काम झालं. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात ५९ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या आणि या जागेचा उपयोग होतो असाच निष्कर्ष निघाला.

केमोबद्दल मात्र हात थोडा आखडता घ्यावा लागतो. अमेरिकेत स्तनाचा कर्करोग असलेल्या आणि खूप तीव्र केमो घेणाऱ्या १०४ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उलटीची औषधं सगळ्यांनाच दिली होती. नुसत्या औषधांवर असलेल्या गटात पाच दिवसांत साधारण १५ उलट्या, नाममात्र सुया टोचलेल्या गटात १०, आणि सुयांना हलका विद्युत प्रवाह दिलेल्या गटात ५. फरक मोठा आहे. पण नाममात्र सुयांनीही पाच उलट्या कमी झाल्या, याचा अर्थ कोणी जवळ बसून काळजी घेतं त्याचाही त्यात वाटा असणार. आणि सुया थांबल्यानंतरच्या दिवसांत हा फायदा टिकला नाही.

हे सगळं घेऊन आम्ही आपाच्या कर्करोग डॉक्टरांकडे गेलो. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आपाचा रक्ताचा रिपोर्ट पुढे ओढला. "सुया घ्या, पण गोळ्या सोडू नका. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असतील तर सुई नाही. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला कधीच नाही." हिजामाचं विचारलं तेव्हा ते स्पष्ट नाही म्हणाले. लोक या दोन गोष्टी एकच समजतात. हिजामात कातडीवर चिरा देऊन रक्त काढतात. अ‍ॅक्युपंक्चरची सुई केसासारखी बारीक आणि भरीव असते, तिच्यातून काही आत जात नाही की बाहेर येत नाही.

मग त्यांनी आपाला विचारलं, "गोळ्या कशा घेता?" आपा म्हणाली, "ओकारी आली की घेते. उगाच का खायच्या?" डॉक्टर क्षणभर गप्प झाले. उलटीची गोळी उलटी येण्याआधी घ्यायची असते, केमोच्या दिवशी आणि नंतर ठरवून दिलेल्या वेळेवर. उलट्या सुरू झाल्या की तीच गोळी पोटात टिकत नाही. दोन केमो आम्ही हे चुकवलं होतं. कागदावर लिहिलेलं होतं, आमच्यापैकी कोणी वाचलं नव्हतं.

तिसऱ्या केमोच्या सकाळी सलाईन लावण्याआधी आपा एका डॉक्टर बाईंकडे गेली. त्या नोंदणी असलेल्या अ‍ॅक्युपंक्चर तज्ज्ञ. आपल्या राज्यात या पद्धतीसाठी कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारायला संकोच करू नये. त्यांनी बंद पाकीट आमच्यासमोर फाडलं, प्रत्येक सुई नवी. वापरलेल्या सुईतून कावीळ पसरते, म्हणून पाकीट आपल्या डोळ्यांदेखत उघडलेलं बरं. उजव्या मनगटावर एक, गुडघ्याखाली एक. बाही आणि शलवार जराशी वर सरकवली, तेवढंच. आपाने डोळे घट्ट मिटले होते. म्हणाली, मुंगी चावल्यासारखं झालं आणि मग हात जड जड वाटला. वीस मिनिटांत सुया निघाल्या.

त्या वेळी दोन उलट्या झाल्या. आधी मोजायचं सोडून दिलं होतं. मळमळ राहिली, चौथ्या-पाचव्या दिवशी तर चांगलीच राहिली, पण ताट परत गेलं नाही. सुईने झालं की वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी, हे आम्ही सांगू शकत नाही. आमचा कल गोळ्यांकडे आहे. आपाचा सुईकडे.

मधल्या दिवसांत ती स्वतःच ती जागा अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायची. दाबण्याला खर्च नाही आणि धोकाही फारसा नाही. बसच्या प्रवासात मळमळणाऱ्यांसाठी या जागी बटण दाबणारे मनगटी पट्टेही मिळतात. गरोदरपणाच्या मळमळीतही अनेक जणी दाबून पाहतात, काहींना आराम पडतो, काहींना नाही. मात्र गरोदर स्त्रीने सुया घ्यायच्या तर गरोदर असल्याचं आधी सांगावं, कारण काही जागा त्या काळात टाळतात. आणि "आम्हालाही होत होतं" म्हणून सुनेला घरी बसवून ठेवू नये. पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उठताना चक्कर येत असेल, तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. केमोच्या काळात ताप शंभरच्या वर गेला तर रात्र असली तरी थांबू नये.

चौथ्या केमोआधी पांढऱ्या पेशी कमी आल्या. केमो आठवडाभर पुढे गेली आणि सुयाही. आपा हिरमुसली, पण मनगट दाबत बसली. रमजान त्याच दिवसांत आला. रोजे सुटले याचं तिला फार वाईट वाटलं. आजारी माणसाला सवलत आहे हे तिला ठाऊक होतं, तरी सहरीला उठून ती आमच्याबरोबर बसायची. सहावी केमो ईदनंतर झाली. आदल्या रात्री तिने स्वतःच गोळ्यांची पट्टी मागून घेतली आणि घड्याळाशेजारी ठेवली.