अंगठ्याचा ठेका आणि बोटांचे गाणे

व्याख्यानमालेत संगीतावर बोलावयाचे म्हणजे एखाद्या घराण्याविषयी, रागाविषयी किंवा नाट्यपदांविषयी बोलावयाचे, असा आपल्याकडील प्रघात आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या एका शेतमजुराचे गाणे गिटारवर कसे शिकावे, हा आमचा विषय वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही या विषयाचा गंध नव्हता. नोकरीतून मोकळे झाल्यावर हाताला काही उद्योग असावा म्हणून आम्ही गिटार घेतली. ती घेताना सिनेसंगीतातली चार गाणी वाजवता आली तरी पुष्कळ झाले, एवढीच आमची अपेक्षा होती. पुढे एके दिवशी एक जुने ध्वनिमुद्रण कानी पडले आणि आमची वाटच बदलली.

ते गाणे म्हणजे मिसिसिपी जॉन हर्ट याचे ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’. १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे ते ध्वनिमुद्रित झाले. एक माणूस, एक गिटार आणि सुमारे तीन मिनिटांचा अवधी, एवढाच सारा पसारा. परंतु ऐकताना असे वाटते की, एकजण ठेका धरतो आहे, दुसरा सूर काढतो आहे आणि तिसरा ओट्यावर बसून सहज बोलावे तसा गातो आहे. हा भास कशाने होतो, तो आपल्या हाताने कसा साधावा आणि तो साधल्यावरही काय शिकावयाचे शिल्लक राहते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

ब्लूज म्हणजे काय

प्रथम थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली. पण दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वाट्याला पुढेही बहुधा दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणे आणि वर्षअखेरीस मालकाच्या वहीतले कर्ज फेडणे हेच आले. शेतातली श्रमगीते, देवळातली भजने, पोवाड्यांसारखी कथागीते आणि नाचाच्या चाली यांच्या मिश्रणातून एकोणिसावे शतक सरता सरता ब्लूज हा गानप्रकार घडला. डब्ल्यू. सी. हँडी याने १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ छापून काढले. १९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी ओकेह कंपनीने काढली आणि ती अमाप खपली. त्यानंतर कंपन्यांचे लोक खेड्यापाड्यांतून गायक शोधू लागले. गावाकडच्या, एकट्याने साध्या गिटारवर गायिलेल्या ब्लूजला ‘कंट्री ब्लूज’ म्हणतात. सॅम्युअल चार्टर्स याच्या १९५९ च्या ग्रंथाचे नावच ते आहे.

ब्लूजचा रूढ साचा बारा आवर्तनांचा असतो. आवर्तन चार मात्रांचे, म्हणजे एका कडव्याला अठ्ठेचाळीस मात्रा झाल्या. पहिली ओळ गावयाची, तीच पुन्हा गावयाची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यावयाचे. आमचे गाणे मात्र या साच्यात बसत नाही. ते ब्लूजपेक्षाही जुन्या श्रमगीतांच्या नात्यातले आहे आणि जवळजवळ सगळे एकाच स्वरसंघावर उभे आहे. म्हणूनच नवशिक्याला ते सोयीचे आहे. डाव्या हाताला धावपळ नसल्यामुळे सारे लक्ष उजव्या हाताकडे देता येते.

वाद्याची ओळख

गिटारला सहा तारा असतात. सर्वांत बारीक तार ती पहिली आणि सर्वांत जाड ती सहावी. जाड तारेपासून मोजल्यास त्या ई, ए, डी, जी, बी, ई अशा स्वरांत मिळवतात. प्रत्येक तार मागच्या तारेच्या मध्यमावर असते. फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात शुद्ध गंधाराचे अंतर आहे. दांडीवर सतारीसारखे पडदे असतात, मात्र ते पक्के बसवलेले असतात. एक पडदा पुढे सरकले की अर्धा स्वर चढतो आणि बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी होऊन वरचा षड्ज मिळतो.

आता जी हा आपला षड्ज मानू. मग चौथी तार मोकळी वाजवल्यास पंचम, तिसरी मोकळी षड्ज आणि दुसरी मोकळी शुद्ध गंधार. काही न दाबताच तीन तारांवर प, सा, ग तयार आहेत! सहावी तार तिसऱ्या पडद्यावर दाबली की खर्जातला षड्ज मिळतो आणि पहिली तार तिसऱ्याच पडद्यावर दाबली की वरचा षड्ज. पाचवी तार दुसऱ्या पडद्यावर दाबून ठेवावी. याला जी कॉर्ड म्हणतात. आपल्या कानाच्या भाषेत सांगावयाचे तर सा, ग, प हे तीन स्वर निरनिराळ्या सप्तकांत एकदम उभे केले, इतकेच.

अंगठ्याचे शिक्षण

या वादनाचा प्राण उजव्या हाताच्या अंगठ्यात आहे. अंगठा सहावी तार छेडतो, मग चौथी, पुन्हा सहावी, पुन्हा चौथी. म्हणजेच सा, प, सा, प. तंबोऱ्याची आठवण होणे साहजिक आहे. पण तंबोऱ्याला ताल नसतो, येथे मात्र प्रत्येक आघात मात्रेवर पडतो. एकच अंगठा तंबोराही आहे आणि ठेकाही आहे. वर तर्जनी आणि मध्यमा ही दोन बोटे बारीक तारांवर गाण्याचा सूर काढतात.

यातील अडचण पहिल्याच दिवशी कळते. बोटे सूर काढू लागली की अंगठा थांबतो, किंवा बोटांच्या मागे धावू लागतो. आम्ही सहा आठवडे या अडचणीशी झुंजलो. तारा आणि पडद्यांचे आकडे लिहिलेला कागद समोर ठेवून आकड्यांमागून आकडे वाजवीत होतो. निघे ते सारे बरोबर, पण त्याला गाणे म्हणवत नव्हते. अखेर आमच्या एका तबलावादक स्नेह्यांनी कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाले, “अहो, ठेका आणि गाणे तुम्ही एकाच माणसाला सांगताय. आधी ठेकेवाल्याला कामाला लावा. त्याच्याकडे बघायची गरज उरली नाही की मग गवयाला बोलवा.”

त्यांच्या सांगण्यावरून जो क्रम ठरला तो असा. पंधरा दिवस फक्त अंगठा. पायाने मात्रा धरावयाची आणि सा, प, सा, प चालू ठेवावयाचे. अंगठा न अडखळता घरात दुधाचा हिशेब बोलता आला की पहिला धडा पुरा झाला असे समजावे. आमच्या सौभाग्यवतींनी ही परीक्षा अनेक वेळा घेतली आणि अनेक वेळा नापास केले. दुसरा धडा म्हणजे अंगठ्याच्या पहिल्या आघाताबरोबरच मध्यमेने पहिली तार छेडावयाची. चिमटीत धरल्यासारखे दोन्ही आघात एकदम. तिसरा धडा खरा कठीण आहे. मात्रा मोजताना ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’ असे म्हणावे. आकड्यांवर अंगठा पडेल. बोट मात्र ‘आणि’वर, म्हणजे दोन मात्रांच्या बरोबर मध्ये पडले पाहिजे. काही स्वर मात्रेवर आणि काही आडमात्रेवर, अशी सरमिसळ जमली की तो दोन वादकांचा भास आपोआप निर्माण होतो. कान एकसारखा चालणारा ठेका एका माणसाच्या खाती घालतो आणि आडून येणारा सूर दुसऱ्याच्या.

सुराविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्लूजचा गंधार शुद्धही नसतो आणि कोमलही नसतो. तो त्या दोहोंच्या मधला असतो. निषादाचीही तीच तऱ्हा. पक्क्या पडद्यांच्या वाद्यावर हे स्वर मुळात नाहीतच. वादक तिसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी कोमल गंधार दाबतो आणि तार किंचित खेचून तो वर चढवतो. सतारीची मींड ऐकलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटणार नाही. श्रुतींचा कान असलेल्या आपल्या श्रोत्यांना या संगीतात शिरावयास ही एक वाट तयारच आहे.

जुन्या तबकडीवरून शिकताना दोन पथ्ये पाळावीत. त्या काळच्या तबकड्यांची गती नेहमी काटेकोर नसे; म्हणून गिटार आधी तबकडीच्या स्वरात कानाने मिळवून घ्यावी, मग सूर शोधावा. दुसरे असे की, तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटेच मावत. नाचाच्या रात्री किंवा घराच्या ओट्यावर हेच गाणे किती लांबत असेल याचा अंदाज तबकडीवरून करू नये. हल्ली संगणकावर ध्वनिमुद्रण स्वर न बदलता संथ करून ऐकता येते. ही मोठी सोय आहे. परंतु संथ ऐकून स्वर कळतात, झोका कळत नाही. तो मूळ गतीतच ऐकावा लागतो.

एक प्रश्न

आठ महिन्यांनी गाणे हाती बसले. मग आम्हाला गतीचा मोह झाला. मात्रा मोजणारे यंत्र समोर ठेवून आम्ही रोज थोडी थोडी गती वाढवीत गेलो आणि घरी जमलेल्या मंडळींना मोठ्या अभिमानाने वाजवून दाखवले. सर्वांनी कौतुक केले. शेजारच्या एका निवृत्त शिक्षिका मात्र म्हणाल्या, “छान वाजवलंत. पण हे गाणं आहे कशाबद्दल? आणि ज्यानं केलं त्याचं पुढे काय झालं?” आम्हाला उत्तर देता आले नाही. आठ महिने आम्ही ज्याच्या अंगठ्याची नक्कल केली, त्या माणसाची आम्ही चौकशीही केली नव्हती.

ती चौकशी आम्ही मग केली. हर्ट हा मिसिसिपीतील ॲव्हलॉन या लहानशा खेड्यातला. गिटार तो पोरवयात आपली आपणच शिकला. शेतमजुरी आणि पडेल ते काम करून तो पोट भरीत असे. काही काळ त्याने रेल्वेमार्गावरही मजुरी केली होती. शेजारच्या विली नार्मोर या गोऱ्या फिडलवादकाने त्याचे नाव ओकेह कंपनीला सुचवले. फेब्रुवारी १९२८ मध्ये मेम्फिस येथे आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे त्याचे ध्वनिमुद्रण झाले. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ १९२९ ची आर्थिक मंदी आली आणि हर्ट पुन्हा आपल्या शेताकडे वळला. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ याने अमेरिकन लोकसंगीताचा जो प्रसिद्ध तबकडीसंग्रह संपादित केला, त्यात हर्टची दोन गाणी होती. आमचे गाणे त्यांतलेच एक. तरुण मंडळी ती ऐकून थक्क होत होती, आणि तो गायक हयात आहे याची कोणालाच कल्पना नव्हती. शेवटी त्याच्याच ‘ॲव्हलॉन ब्लूज’ या गाण्यातील गावाच्या नावावरून, जुन्या नकाशाच्या आधाराने, १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स हा तरुण त्याच्या दारी पोहोचला. पस्तीस वर्षे लोटली होती. त्या वेळी हर्टजवळ स्वतःची गिटारही नव्हती. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो श्रोत्यांनी त्याला ऐकले. पुढे जेमतेम तीन वर्षे त्याला मिळाली. नोव्हेंबर १९६६ मध्ये तो वारला.

आणि गाणे कशाबद्दल? जॉन हेन्री या बलदंड मजुराची आख्यायिका अमेरिकेत घरोघर माहीत आहे. खडकात सुरुंगाची भोके पाडणाऱ्या या माणसाने वाफेच्या यंत्राशी पैज लावली, तो जिंकला आणि हातोडा हाती असतानाच मेला. वेस्ट व्हर्जिनियातील बिग बेंड बोगद्याशी ही कथा बहुधा जोडतात. कितीतरी गाण्यांनी या वीराचा जयघोष केला आहे. हर्टच्या गाण्यातला मजूर मात्र निराळा आहे. ज्या हातोड्याने जॉन हेन्रीचा जीव घेतला तो आपला जीव घेणार नाही, असे म्हणून तो हातोडा ठेवतो आणि घरची वाट धरतो. त्यात त्रागा नाही, आरडाओरड नाही. यंत्राशी शर्यत लावण्याचेच तो नाकारतो.

हे कळले तेव्हा आम्हाला आमचीच लाज वाटली. जे गाणे शर्यत सोडून देणाऱ्या माणसाचे, तेच आम्ही यंत्राशी शर्यत लावून वाजवीत होतो! मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. त्यातला अंगठा घाईत नाही, दमलेलाही नाही. लांबच्या वाटेला लागलेला माणूस जसा एकसारखी पावले टाकीत जातो, तसा तो चालतो. आम्ही ते मात्रायंत्र कपाटात ठेवले आणि त्या पावलांची चाल शिकू लागलो. ती अजून पुरती साधलेली नाही.

गिटार आपल्याकडे नवी नाही. गोव्याच्या वादकांनी ती मुंबईच्या नाचघरांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत केव्हाच रुजवली आहे. घरोघरी मुलांच्या हाती आज ती दिसते. त्या मुलांनी, आणि आमच्यासारख्या उशिरा जाग आलेल्या मोठ्यांनीही, हे गाणे अवश्य शिकावे. आधी अंगठा शिकवावा, मग बोटे. पण या दोहोंच्याही आधी ते गाणे कोणाचे, हे विचारून घ्यावे. आम्ही तो प्रश्न शेवटी विचारला, आणि त्यापायी आठ महिन्यांचे पाठांतर आम्हाला पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

त्या शिक्षिकाबाईंना अलीकडेच ते गाणे पुन्हा ऐकवले. त्या म्हणाल्या, “आज सावकाश झालं.” इतकी चांगली पावती आम्हाला दुसरी मिळालेली नाही.