ताटलीतल्या पेशींची साक्ष

औषधांच्या परीक्षणात प्राण्यांच्या जागी प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशी वापरण्यास मार्च 2023 च्या केंद्रीय नियमदुरुस्तीने मुभा दिल्यापासून मुक्या जनावरांची सुटका एवढाच या प्रश्नाचा अर्थ मानला जात आहे; परंतु जेथे मका आणि ऊस यांच्या रानांत अ‍ॅट्राझीन हे तणनाशक पाठीवरच्या पंपाने फवारले जाते आणि त्याच सऱ्यांतून बायाबापड्या रोजंदारीवर राबतात, त्या सोलापूर जिल्ह्याने या पेशींकडे निराळ्या आस्थेने पाहिले पाहिजे.

रसायनाचा संप्रेरकांवर होणारा परिणामही अशा पेशींवर तपासता येतो. त्यासाठी वापरला जाणारा एच-295-आर हा पेशीवंश एका स्त्रीच्या अधिवृक्क ग्रंथीतील कर्करोगाच्या गाठीपासून सिद्ध झाला. कोलेस्टेरॉलपासून पुरुषी व स्त्रैण संप्रेरकांपर्यंतची सारी साखळी त्याच्या ठायी शाबूत असल्यामुळे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2011 मध्ये त्यावरील चाचणीस मान्यता दिली. 24 खळग्यांच्या ताटलीत पेशी एक दिवस स्थिरावू द्यायच्या, 48 तास रसायनाच्या निरनिराळ्या मात्रांत ठेवायच्या, आणि मग भोवतीच्या पोषकद्रवात टेस्टोस्टेरॉन व इस्ट्राडायोल किती उतरले ते मोजायचे.

चाचणी बिनचूक चालल्याचा दाखला म्हणून दोन ज्ञात द्रव्ये सोबत तपासतात. प्रोक्लोराझ हे बुरशीनाशक संप्रेरके घटविते, तर फॉर्स्कोलिन ती वाढविते. हे फॉर्स्कोलिन ज्या माइनमुळात सापडते, ते आपल्याकडे लोणच्यात मुरते. आणि त्या मुळातून हे द्रव्य मुंबईत मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रातील भारतीय रसायनज्ञांनी 1970 च्या दशकात वेगळे काढले, ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक असावयास हवी.

सन 2000 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना याच पेशींवर अ‍ॅट्राझीनचा प्रयोग करताना, पुरुषी संप्रेरकाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणाऱ्या अ‍ॅरोमाटेझ या विकराची क्रिया वाढलेली आढळली. उंदरांच्या मादीत मात्र हेच तणनाशक मेंदूच्या वाटेने, बीजमोचनाचा इशारा देणारे संप्रेरक दडपते. आणि मेंदू, यकृत, गर्भाशय यांपैकी काहीच ताटलीत नसते. म्हणून पेशींनी दोष दाखविला तर तेवढ्यावर चौकशी सुरू व्हावी, परंतु त्यांनी दोष दाखविला नाही एवढ्यावरून कोणत्याही रसायनाला निर्दोषत्वाची सनद बहाल करणे मला सर्वथा नामंजूर आहे.

केंद्राने मे 2020 मध्ये 27 कीडनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात अ‍ॅट्राझीनही होते. अशा मसुद्यांच्या सुनावणीत पेशीचाचणीचे निष्कर्ष दप्तरी दाखल करणे सक्तीचे व्हावे, आणि त्यांच्या जोडीला फवारलेल्या रानांत राबणाऱ्या स्त्रियांच्या पाळीच्या तक्रारी व गर्भपात यांच्या नोंदी ठेवण्याची तजवीज गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत व्हावी.