गाळातली 1963 ची रेघ

भंडारा जिल्ह्यातल्या तलावांचा आणि अणुबॉम्बचा संबंध काय? गेल्या सत्तर वर्षांचा मागोवा घेतला, तर तो तलावांच्या गाळात सापडतो.

कोहळी समाजाने उतारांवर पाळी घालून बांधलेले तलाव आणि बोड्या (लहान तळी) पुढे मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांकडे, होत्या. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारकडे गेले, 1962 नंतर लहान तलावांची जबाबदारी जिल्हा परिषदेवर आली. उन्हाळ्यात गाळ उपसून भाताच्या बांधीत टाकायची रीत हळूहळू मागे पडली. तलाव उथळ होत गेले.

नेमक्या त्याच काळात आकाशातून एक खूण पडू लागली होती. 1952 पासून हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी सिझियम-137 वातावरणाच्या वरच्या थरात फेकले. तिथून ते जगभर पसरले आणि पावसाबरोबर खाली आले. 1961-62 मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघाने चाचण्यांचा सपाटा लावला. ऑगस्ट 1963 मध्ये करार होऊन वातावरणातल्या बहुतेक चाचण्या थांबल्या, पण उत्तर गोलार्धात सर्वाधिक सिझियम पडले ते त्याच वर्षी. वातावरणातली शेवटची चाचणी चीनने 1980 मध्ये केली.

हे सिझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसते. पाण्यात सहसा विरघळत नाही, माती जाईल तिथे जाते. अमेरिकेत ओक रिज येथे रोगोव्स्की आणि तामुरा यांनी 1960 च्या दशकात हे प्रयोगाने दाखवले. पुढे रिची आणि मॅकहेन्री यांनी ते शेतांत आणि जलाशयांत वापरले, तर ब्रिटनमध्ये एक्सेटरच्या डेस वॉलिंग यांनी मोजमापावरून धुपेचा हिशोब काढण्याची सूत्रे बसवली. रीत सोपी आहे. कधीच न नांगरलेल्या सपाट जागेतले सिझियम हा मापदंड. शेतात त्याहून कमी भरले तर माती गेली, जास्त भरले तर येऊन साचली.

भारतात 1983 मध्ये ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी देशाची धूप वर्षाला 533.4 कोटी टन, म्हणजे हेक्टरी 16.35 टन, अशी मांडली. त्यातली 29 टक्के माती समुद्रात, 10 टक्के जलाशयांत जाते. उरलेली 61 टक्के फक्त जागा बदलते. पाऊस, उतार आणि पीक यांच्या सूत्रांतून शेतातली धूप कळते, ती माती कुठे थांबली ते कळत नाही. भाताच्या बांध्या, धुरे आणि बोड्या असलेल्या भंडाऱ्यात तर हाच प्रश्न मोठा. सिझियम त्याचे उत्तर देऊ शकते.

अडचणी आहेतच. रोवणीपूर्वीची चिखलणी मातीचे थर एकत्र करते. उन्हाळ्यात आटणाऱ्या उथळ बोडीत गुरे थर तुडवतात. म्हणून नमुना तलावाच्या खोल भागातून घ्यावा लागतो. नळीने काढलेल्या गाळात सिझियम सर्वाधिक असलेला थर 1963 चा. त्याच्या वरचा सगळा गाळ नंतरचा, म्हणजे मालगुजारी गेल्यानंतरच्या सरकारी व्यवस्थेतला. मात्र सिझियमचे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचे. 1963 चे जेमतेम चौथाई आज उरले आहे. त्यामुळे किरणोत्सार टिपणाऱ्या जर्मेनियम शोधक यंत्राला एकेक नमुना बराच वेळ मोजावा लागतो. म्हणून आता त्याच चाचण्यांतल्या, हजारो वर्षे टिकणाऱ्या प्लुटोनियमकडेही संशोधक वळले आहेत.

2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ पुन्हा शेतात जाऊ लागला. काम योग्यच आहे, पण यंत्र तलावात उतरले की थर मोडतात आणि नोंदही जाते. पाणलोटातल्या कोणत्या उतारावरून माती येते हे ठाऊक नसेल, तर उपसलेला तलाव पुन्हा भरणारच. तेव्हा गाळ उपसण्याआधी प्रत्येक मोठ्या मामा (माजी मालगुजारी) तलावातून एक नळीभर नमुना आणि पाणलोटातल्या अस्पर्श जागेचा एक नमुना काढून ठेवणे हे योजनेच्या अंदाजपत्रकातले कलम असायला हवे.